विज्ञानमालिकेतल्या खलनायकाचा धाक कुठं ओसरतो, आणि कलाटणी कुठं पटते?

टिळकवाडी_तारा

आधीच सांगते, या धाग्यात रहस्यभेद भरपूर होणार. 'डार्क', 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका', 'बॅबिलॉन ५', 'स्टार ट्रेक', 'डॉक्टर हू' यांतलं काही बघायचं शिल्लक असेल तर बघून या. धागा कुठं जात नाही.

खलनायक पहिल्यांदा येतो तेव्हा अंगावर काटा येतो. तिसऱ्या-चौथ्या फेरीला तोच गल्लीतल्या भांडखोर माणसाइतका ओळखीचा होऊन बसतो. 'स्टार ट्रेक'मधल्या बोर्ग या अर्धयंत्र जमातीचं असं झालं, 'बॅटलस्टार'मधल्या सायलॉन या यंत्रमानवांचं झालं, 'डॉक्टर हू'मधल्या डॅलेक या चिलखती परग्रहवासीयांचं तर कितीदा झालं. हे नेमकं कुठल्या प्रसंगापासून होतं, बोट ठेवून सांगता येईल का?

दुसरा प्रश्न कलाटणीचा. काही कलाटण्या कळल्या की आपण धावत जाऊन पहिला भाग पुन्हा लावतो. काही कळल्या की पुढचा भाग लावायची इच्छाच राहत नाही. दोन्हींत फरक काय?

विचारायचं कारण मागच्या धाग्यावर ठरलेली श्रुतिका. आठ भाग, प्रत्येकी पंधरा मिनिटं, मराठीत, आणि गोष्ट आपल्याच बेळगाव भागातली. जागा हिडकल धरण, पाण्यात जाणारं हुन्नूरचं विठ्ठल मंदिर आणि काळातली फट. लिहायला बसण्याआधी मोठ्या मालिकांनी कुठं कमावलं आणि कुठं घालवलं ते नीट समजून घेऊ या.

निपाणीकर

बोर्गपुरतं बोट ठेवून सांगतो.

1989 च्या पहिल्या भेटीत बोर्ग एका थंड धमकीपलीकडं बोलतच नाहीत. जहाजाचा एक तुकडा कापून नेतात, त्यात अठरा माणसं जातात, आणि त्यात राग नाही, द्वेष नाही. कप्तान पिकार्डला जिंकता येत नाही, क्यू या सर्वशक्तिमान प्राण्यापुढं हात जोडून सुटका मागावी लागते. नायक हरला आणि खलनायकानं त्याच्याकडं धड लक्षही दिलं नाही. धाक तिथून आला.

1990 मध्ये पिकार्डलाच बोर्ग करून टाकलं. जूनमध्ये पर्व तिथंच थांबलं, उत्तर सप्टेंबरमध्ये. वोल्फ 359 च्या लढाईत 39 जहाजं गेली आणि ती लढाई आपल्याला तेव्हा दाखवलीसुद्धा नाही, नंतर तरंगणारे सांगाडे तेवढे दाखवले. तेही बरोबर केलं.

1996 च्या चित्रपटात बोर्गची राणी आली. माझं बोट तिथं. राणी उत्तम वठवली आहे, पण ज्यांच्याशी बोलताच येत नाही अशा शत्रूला तोंड मिळालं. तोंड आलं म्हणजे वाटाघाट आली, मत्सर आला, चूक आली. मग 1997 मध्ये 'स्टार ट्रेक'च्याच 'व्हॉयेजर' मालिकेनं बोर्गपेक्षा ताकदवान अशी 8472 क्रमांकाची जमात आणली आणि बोर्गना तिच्यापुढं पळायला लावलं. पुढं 2001 पर्यंत एकटं जहाज बोर्गना पुन्हा पुन्हा भेटतं आणि सुटतं. 39 जहाजांचा हिशेब प्रेक्षकाच्या डोक्यात असतो. तो एकदा बिघडला की परत बसत नाही.

अनगोळ_अक्का

निपाणीकर, राणीवर सगळं ढकलू नका ओ. तिच्या चार वर्षं आधी, 1992 मध्ये, ह्यू नावाचा एकटा बोर्ग आला होता. त्याला नाव दिलं, मैत्री केली, आणि त्याच्यामार्फत सगळ्या बोर्गना मारायचा बेत पिकार्डनं सोडून दिला. पहिलं तोंड तिथं आलं, आणि माझ्या मते तो बोर्गचा सगळ्यात चांगला भाग आहे. भीती कमी झाली हे मान्य. पण बदल्यात काहीतरी मिळालं: आपण कुणाला माणूस मानतो हा प्रश्न.

धाक खर्च होणारच. त्याच्या मोबदल्यात काय घेतलं ते बघायचं. 'व्हॉयेजर'नं पुष्कळदा फुकट घालवला.

निपाणीकर

अक्का, मान्य. खर्च आणि नासाडी यांतला फरक माझ्याकडून सुटला होता.

तिसरं_रेल्वेगेट

डॅलेकबद्दल थोडं.

डॅलेक पहिल्यांदा डिसेंबर 1963 मध्ये आले. लेखक टेरी नेशन, रचना रेमंड क्युसिक. पहिल्या भागाच्या शेवटी अख्खा डॅलेक दिसतच नाही, डॉक्टरच्या घाबरलेल्या सोबतिणीच्या, बार्बराच्या, दिशेनं येणारा एक हात तेवढा दिसतो. नेशनला रबरी पोशाखातला माणूस नको होता, म्हणून पाय काढून टाकले. पाय नाहीत म्हणून माणूस वाटत नाही, म्हणून भीती. आणि पाय नाहीत म्हणूनच पुढं पंचवीस वर्षं एक थट्टा चालली: जिना चढा की झालं! राजहंसगडावर चढून बसलात तर अख्खी डॅलेक सेना पायथ्याशी ताटकळत बसेल.

1988 मध्ये एका भागाच्या शेवटी डॅलेक तळघराच्या जिन्यावरून तरंगत वर आला. थट्टा मिटली.

मोजून बघण्यासारखी गोष्ट 2005 ची. एका भागात एकच डॅलेक, जमिनीखालच्या संग्रहालयात साखळदंडानं बांधलेला. तो सुटतो आणि सगळं रिकामं करतो. त्याच पर्वाच्या शेवटी दोनशे जहाजं, प्रत्येकात दोन हजारांवर, म्हणजे जवळपास पाच लाख डॅलेक. भीती कुणाची जास्त वाटली? एकट्याची. एक डॅलेक काय करू शकतो ते एकदा मोजून दाखवलं, आणि पाच लाखांपुढं त्याच मापानं पृथ्वी अर्धा मिनिट टिकायला नको होती. आकडा वाढला की लेखकाला प्रत्येकाची ताकद गुपचूप कमी करावी लागते. प्रेक्षकाला ते लगेच कळतं.

श्रुतिकेत खलनायक एकच ठेवा.

कुंदाप्रेमी

+१, एकच.

आणि कॅप्टन व्योमचा कुणी उल्लेखच केला नाही! 1998, दूरदर्शन, मिलिंद सोमण. त्याआधीच्या 'स्पेस सिटी सिग्मा'मधला खलनायक झकाकू. नाव घेतलं तरी अजून आमच्या गल्लीत दोघंतिघं मान वर करतात.

तिसरं_रेल्वेगेट

झकाकूचं नाव राहिलं याचं कारण नावातच आहे. क आणि झ, दोन्ही कडक, तीन अक्षरं, शेवट उघडा. लहान मुलाला ओरडता येतं. श्रुतिकेत चेहरा नसतो, त्यामुळं नावाचं काम दुप्पट. फक्त आपल्या गोष्टीत असलं नाव चालणार नाही, हिडकलच्या काठावर झकाकू कुठून येणार. साधं नाव हवं, पण दुसऱ्या कुठल्याही पात्राच्या नावाशी पहिलं अक्षर जुळता कामा नये. ऐकणाऱ्याचा घोळ तिथंच होतो.

कॅप्टन व्योमच्या रचनेत एक गोष्ट होती: तुरुंगातून निसटलेले गुन्हेगार एकेक करून पकडायचे. त्यामुळं दर काही भागांनी नवा खलनायक मिळतो, कुणाचाही धाक शिळा होत नाही. तोटा असा की कुणी मुरतही नाही.

खानापूर_रान

आता कलाटणीकडं येऊ या. फसलेल्या कलाटणीचा सगळ्यात शिकण्यासारखा नमुना 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' आहे. मालिका मला फार प्रिय आहे, म्हणूनच तपशिलात लिहितोय.

माणसासारखे दिसणारे सायलॉन बारा प्रकारचे, हे 2003 च्या लघुमालिकेतच सांगितलं. पुढं भागागणिक क्रमांक पडत गेले. शॅरन या पात्राचा क्रमांक आठ. मग तिसऱ्या पर्वात ठरलं की सात प्रकार माहितीतले आणि पाच गुप्त, आणि ते पाच वेगळ्याच घडणीचे. आता बेरीज करा. माहितीतले सात म्हणजे एक ते सात यायला हवेत. पण शॅरन आठ असल्यामुळं यादी झाली एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, आठ. सातवा गायब! ते भोक बुजवायला 2009 मध्ये डॅनिएल नावाचा सातवा प्रकार एका संवादात आणला आणि पहिल्या क्रमांकाच्या कॅव्हिलनं तो नष्ट केला असं सांगितलं. प्रेक्षकांनी त्या डॅनिएलवर मोठमोठे तर्क बांधले, आणि त्यातून पुढं काही निघालं नाही.

दुसरी गोची. 2007 मध्ये तिसऱ्या पर्वाच्या शेवटी चौघं सायलॉन निघाले: टाय, टिरल, अँडर्स, टोरी. प्रसंग भन्नाट आहे, चौघांना एकच गाणं ऐकू येतं आणि एका खोलीत गोळा होतात. पण टिरलला बायको कॅलीपासून मूल होतं. माणूस आणि सायलॉन यांचं एकमेव मूल म्हणजे हेरा, यावर तर अर्धी मालिका उभी. मग चौथ्या पर्वात सांगावं लागलं की ते मूल टिरलचं नव्हेच, हॉट डॉग नावाच्या वैमानिकाचं. एका कलाटणीची किंमत म्हणून एका मेलेल्या बाईच्या चारित्र्यावर डाग. मला ते अजून खटकतं.

कारण एकच. चौघं कोण हे उशिरा ठरवलं. निवड करताना धक्का किती बसेल ते बघितलं, मागचं खातं तपासलं नाही. वर दर आठवड्याला सुरुवातीच्या ओळींत सांगायचे की सायलॉनांकडं एक बेत आहे. तो बेत लिहिणाऱ्यांकडंच पूर्ण नव्हता.

संकेश्वरी

खातं हा शब्द आवडला. खरोखर एक वही करा. डाव्या पानावर प्रत्येक पात्राबद्दल बोलला गेलेला प्रत्येक आकडा: वय, क्रमांक, वर्ष, अंतर, किती दिवस गेले. उजव्या पानावर तो कुणी सांगितला आणि कुठल्या भागात. पात्र खोटं बोलू शकतं, म्हणून "कुणी सांगितला" हा रकाना हवाच. एखादा आकडा लेखकाला नंतर नको झाला, तर तो सांगणारं पात्र खोटं बोललं किंवा चुकलं असं करता येतं, पण त्या पात्राचा स्वभाव आधीपासून तसा दाखवलेला असेल तरच.

आठ भागांना चाळीस पानी वही पुरते.

अनगोळ_अक्का

संकेश्वरी, या वहीचं सगळ्यात चांगलं उदाहरण 'डार्क'.

विंडेन हे गाव, 33 वर्षांचं चक्र, 2019, 1986, 1953. पहिल्या पर्वातली मोठी कलाटणी म्हणजे 2019 मध्ये हरवलेला मिकेल हाच 1986 मध्ये पोचून, वाढून मिखाएल कानवाल्ड होतो, म्हणजे नायक योनासचा बाप. पहिल्याच प्रसंगात मिखाएल गळफास घेतो आणि मागं पत्र ठेवतो: 4 नोव्हेंबर, रात्री 10 वाजून 13 मिनिटांआधी उघडू नका. मिकेल हरवतो त्याच रात्री. मिकेल अकरा वर्षांचा. अकरात तेहेतीस मिळवा, चव्वेचाळीस. मिखाएल त्याच वयाच्या आसपासचा. 1986 च्या इस्पितळात मिकेलची विचारपूस करणारी परिचारिका इनेस, तिचं आडनाव कानवाल्ड. सगळं समोर आहे. बेरीज तेवढी आपण करत नाही, कारण आपलं सगळं लक्ष मूल सापडेल का इथं लागलेलं असतं.

माझा मुद्दा हाच. कलाटणीत नवीन माहिती जितकी कमी, तितकी ती चांगली. आधीच हातात असलेल्या माहितीची मांडणी बदलली पाहिजे.

निपाणीकर

मग तिसऱ्या पर्वाचं काय? शेवटी कळतं की दोन्ही जगं एका तिसऱ्या, मूळ जगातून फुटली, घड्याळजी टानहाउसनं आपलं गेलेलं कुटुंब परत आणायला यंत्र चालवलं म्हणून. तिसरं जग असल्याचा पत्ता आधी कुठं होता? दोन जगांचे म्होरके ॲडम आणि एवा एकमेकांशी झुंजतात आणि खरं कारण भलत्याच माणसाच्या दुःखात निघतं. अक्का, तुमच्याच नियमानं ती नवीन माहिती आहे.

अनगोळ_अक्का

अर्धी नवीन. टानहाउस पहिल्या पर्वापासून दुकानात बसलेला आहे आणि काळावरचं पुस्तक त्याचंच आहे. शार्लटला त्यानं वाढवलं, ती त्याची सख्खी नात नाही, हे दुसऱ्या पर्वापर्यंत कळलेलं असतं. पोकळी दाखवली होती, ती कशानं पडली ते उशिरा सांगितलं. तिसऱ्या जगाबद्दल मात्र तुमचं म्हणणं बरोबर. माझ्या मते एक पर्व आधी त्या घराची एखादी झलक हवी होती.

पण खलनायकाच्या बाबतीत 'डार्क' बाकी सगळ्यांच्या पुढं आहे. नोआ भयंकर वाटतो, मग कळतं तो दुसऱ्याच्या हुकमानं चाललाय. हुकूम देणारा ॲडम भयंकर वाटतो, तर तो म्हणजे म्हातारा, भाजलेला योनास, आणि गळ्यावर तोच दोराचा वळ. एकेक पायरी चढत जाल तसा खलनायक परका होण्याऐवजी घरचा होत जातो. भीती कमी होते, दुःख वाढतं. मी मघाशी मोबदला म्हटलं तो असा.

गोकाक_धबधबा

मला मुळात "आधी कळू नये" यावरच एवढा भर पटत नाही.

आपल्याकडं श्रीकृष्ण पारिजात बघा. गोकाकजवळच्या कुलगोडच्या तम्मण्णांनी गाजवलेला खेळ. नारद पारिजाताचं फूल आणणार, कृष्ण ते रुक्मिणीला देणार, नारद जाऊन सत्यभामेच्या कानाला लागणार. समोर बसलेल्या पोरालाही माहीत असतं. तरी रात्रभर माणूस हलत नाही. सत्यभामा फूल बघेल तेव्हा काय बोलेल, कशी बोलेल, यासाठी सगळे बसलेले असतात.

'बॅबिलॉन ५' हे जाणतं. 1994 च्या पहिल्या पर्वात मॉर्डन नावाचा हसतमुख माणूस अंतराळस्थानकावर येतो आणि तिथल्या परग्रहांच्या राजदूतांना एकेकाला एकच प्रश्न विचारतो: तुम्हाला काय हवंय? ग'कार म्हणतो सूड, त्यापुढं काय ते त्याला सांगता येत नाही, मॉर्डन निघून जातो. डेलेन त्याला हाकलते. लोंडो मात्र मन मोकळं करतो, आपल्या साम्राज्याला जुनं वैभव परत हवंय म्हणतो. तिथंच कळतं की हा बुडाला. पुढची तीन वर्षं आपण त्याला बुडताना बघतो. त्याच्या गोष्टीत कलाटणी एकही नाही, आणि तरी खुर्चीतून उठवत नाही.

नारदानं आणि मॉर्डननं स्वतः काहीच केलं नाही. समोरच्याच्या मनात होतं ते बाहेर काढलं.

खानापूर_रान

अण्णा, मॉर्डन आणि नारद शेजारी ठेवले, आता ते वेगळे करता येणार नाहीत. फक्त नारदाच्या कळीचा शेवट भल्यासाठी होतो, मॉर्डनच्या नाही.

'बॅबिलॉन ५'ची कामाची पद्धत पण सांगतो, आपल्याला लागणार आहे. 110 भागांपैकी 92 मालिकेचा कर्ता स्ट्रॅझिन्स्की यानं एकट्यानं लिहिले. पाच वर्षांचा आराखडा आधी होता, आणि प्रत्येक महत्त्वाच्या पात्रासाठी एक चोरदरवाजा ठेवलेला: नट सोडून गेला तर ते पात्र कुठून बाहेर काढायचं आणि त्याचं काम कुणाकडं द्यायचं. पहिल्या पर्वानंतर स्थानकाचा प्रमुख सिंक्लेअर गेलाच. त्याच्या जागी शेरिडन आला. 1994 मध्ये पेरलेली हरवलेल्या स्थानकाची गाठ 1996 मध्ये सिंक्लेअरला दोन भागांपुरतं परत आणून सोडवली: तो काळात मागं जाऊन मिनबारी या परग्रही लोकांचा पूजनीय पुढारी व्हॅलेन होतो. अडचण आली आणि तीच गोष्टीतली सगळ्यात मोठी कलाटणी झाली.

आपल्या श्रुतिकेत आवाज देणारी सगळी हौशी मंडळी. परीक्षा येतात, बदल्या होतात. पाच आवाजांपेक्षा जास्त नकोत, आणि प्रत्येकाचा चोरदरवाजा कागदावर हवा.

कुंदाप्रेमी

पंधरा मिनिटांच्या भागात शब्द किती बसतात?

संकेश्वरी

मिनिटाला साधारण 120 शब्द धरा. शीर्षकधून, पाण्याचा आवाज, थांबे यांना दोन मिनिटं सोडा. तेरा गुणिले 120, म्हणजे 1560. हातात 1500 शब्दांची संहिता ठेवा, उरलेले साठ ध्वनिमुद्रणात सुचणाऱ्या फेरफाराला. भागात प्रसंग तीन, फार तर चार. पाचवा आला की ऐकणाऱ्याला आपण कुठं आहोत तेच कळत नाही.

महत्त्वाची खूण दोनदा कानावर पडली पाहिजे, पण दोन वेगळ्या पात्रांच्या तोंडून आणि वेगळ्या शब्दांत. एकाच पात्रानं दोनदा म्हटलं की ती खूण आहे हे उघडं पडतं.

टिळकवाडी_तारा

आता हिडकलकडं वळते. वरचं सगळं वाचून मी केलेली मांडणी अशी:

काळातली फट मंदिराच्या गाभाऱ्यात. पाणी ओसरून गाभारा उघडा पडतो तेव्हाच, म्हणजे उन्हाळ्यात, ती ओलांडता येते. काठावरच्या गावात जानकी नावाची पंचविशीची मुलगी राहते. कलाटणी: ती धरण व्हायच्या आधीच्या काळातून आली आहे. खूण: भाद्रपदात ती सहज म्हणते, "काल देवळात दिवा लावून आले." तेव्हा तर मंदिर पाण्यात!

खलनायक कोण ते अजून ठरत नाही. एक विचार असा होता की तो एकटा असताना नकळत दुसऱ्या भाषेत आकडे मोजतो आणि त्यावरून पकडला जातो.

गोकाक_धबधबा

दुसरा विचार सोडून द्या ताई. इथं निम्मी माणसं घरी मराठी बोलतात आणि बाजारात हिशेब कन्नडात करतात, निम्मी उलटं. त्यावरून कुणी परका ठरत नाही. खूण म्हणून ती खोटी आहे, आणि भाषेवरून खलनायक ओळखायचा हे आपल्या श्रुतिकेत मला अजिबात नको आहे.

टिळकवाडी_तारा

पटलं. काढून टाकलं.

तिसरं_रेल्वेगेट

पहिल्या खुणेतही गडबड आहे. नियम म्हणतो फट उन्हाळ्यातच ओलांडता येते. खूण म्हणते ती भाद्रपदात जाऊन आली. दोघं एकमेकांना मारालेत. जुन्या काळी तिथं पाणी नव्हतं हे खरं, पण ती परत येईल तेव्हा आपल्या बाजूचा गाभारा बुडालेला. बाहेर पडताच बुडेल.

अनगोळ_अक्का

नियम ठेवा, खूण बदला. तिनं तिथं जायची गरजच नाही, तिला माहीत असलं म्हणजे झालं. श्रावणात गाभाऱ्यात ऊन कुठवर येतं हे तिला माहीत आहे. धरण झाल्यापासून श्रावणात तो गाभारा कुणी बघितलेलाच नाही. म्हाताऱ्या माणसाला आठवू शकतं, म्हणून तिचा आवाज पक्का पंचविशीचा हवा. श्रुतिकेत वय आवाजातूनच कळतं, त्याचा इथं फायदा.

आणि मंदिर कधी बुडतं, कधी दिसतं हे दुसऱ्या भागात कुणीतरी साधेपणानं सांगून ठेवायचं. आपल्या लोकांना माहीत असतं, पण ऐकणारा सोलापूरचाही असेल.

निपाणीकर

नायक म्हणेल, आजीकडून ऐकलं असेल. ऐकणाराही तेच म्हणेल.

संकेश्वरी

म्हणू दे की. ती पळवाट मुद्दाम ठेवायची आणि चौथ्या भागात बंद करायची. दुकानात पैसे मोजताना जानकी म्हणते, "चार आण्याचे सोळा पैसे." जुन्या रुपयाचे सोळा आणे आणि 64 पैसे, म्हणून चार आण्याचे सोळा. 1 एप्रिल 1957 ला दशमान नाणी आली, तेव्हापासून चार आणे म्हणजे पंचवीस पैसे. चार आणे, बारा आणे आपण अजून म्हणतो, त्यामुळं कान तिथं अडत नाही. सोळा हा आकडा अडतो. दुकानदारानं तो हसून दुरुस्त करावा, "पंचवीस गं," आणि प्रसंग पुढं जावा. आजीकडून गोष्ट ऐकता येते, पण हाताला लागलेला हिशेब ऐकून येत नाही.

खानापूर_रान

खलनायक मला सुचतोय. पाटकरी. पाण्याच्या पाळ्या लावणारा, रोज पातळी नोंदवणारा. त्याच्या आजोबांचं गाव धरणाखाली गेलं. फट उघडली की मागं जाऊन धरण होऊच द्यायचं नाही, हा त्याचा बेत. बेत खरा आहे, वहीत लिहून ठेवू या, नाहीतर सायलॉनांसारखं व्हायचं.

त्याचं दुःख शंभर टक्के खरं ठेवा. आणि तो जिंकला तर काय जाईल तेही खरं: 51 टीएमसीचं धरण, घटप्रभेच्या कालव्यांवर पार बागलकोटपर्यंतची शेती. ऐकणाऱ्यांत विस्थापितांच्या घरचे असतील आणि कालव्यावर ऊस पिकवणारेही असतील. दोघांनाही तो आपला वाटला पाहिजे आणि दोघांनाही त्याची भीती वाटली पाहिजे.

आणि प्रत्येक भाग त्याच्या आवाजानं सुरू करा. आजची पातळी, इतके फूट. साधी नोंद वाटेल, रोजचं वातावरण. सातव्या भागात कळू दे की तो गाभारा उघडा पडायला किती दिवस उरले ते मोजत होता.

तिसरं_रेल्वेगेट

हे उत्तम. त्याची मर्यादाही त्यातच आली. त्याला पाणी घालवता येत नाही, फक्त वाट बघता येते. पाच लाख डॅलेकांची गरज नाही. एक अट: पातळी आठही भागांत उतरतीच हवी. एखाद्या भागात अवकाळी पावसानं दोन बोटं चढली तर आणखी छान, त्या दिवशी त्याचा आवाज किंचित बदलावा.

अनगोळ_अक्का

थांबा. पातळी उतरती म्हणजे गोष्ट पौषापासून वैशाखापर्यंत घडते. मग श्रावणाचं वाक्य जानकी श्रावणात बोलणार नाही, आठवण म्हणून बोलेल. उलट चांगलंच. हिवाळ्यात, काठावर बसून, पाण्याकडं बघत.

टिळकवाडी_तारा

वहीत घेतलं. तिसऱ्या भागातलं वाक्य असं लिहिलंय:

जानकी: श्रावणात सकाळच्या पारी सूर्याचे किरण गाभाऱ्यात शिरतात आणि हळूहळू सरकत विठ्ठलाच्या पायांवर येऊन थांबतात, तेव्हा गुरव म्हणायचे की आज देवाला ऊन लागलं.

गोकाक_धबधबा

लांब आहे, आणि "म्हणायचे" शब्दानं सगळं फुटतंय. तिच्यासाठी तो गुरव अजून आहे. "म्हणतात" करा. लिहिण्यातली चूक वाटेल, आठव्या भागानंतर कळेल.

टिळकवाडी_तारा

जानकी: श्रावणात ऊन पार पायांपर्यंत येतं. गुरवकाका म्हणतात, देव शेकून घेतोय.

संकेश्वरी

डाव्या पानावर: श्रावण, ऊन, पायांपर्यंत. उजव्या पानावर: जानकी, भाग तीन. दुसऱ्या कुणाच्या तोंडून हीच खूण कधी येणार ते अजून रिकामं आहे.